कामानिमित्त सोलापुरात येताय? घर कोणत्या भागात घ्यावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर लहान शहर. मग भाग निवडायला एवढा विचार कशाला?

अंतरं लहान आहेत, हे खरं. पण पुणे, तुळजापूर, हैदराबाद, अक्कलकोट, होटगी, विजापूर आणि मंगळवेढा हे सगळे रस्ते फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात: किल्ला, सिद्धेश्वर तलाव आणि त्याभोवतीच्या जुन्या पेठा. एका नाक्यावरून दुसऱ्या नाक्यावर जायचं तर बहुतेक वेळा या मधल्या भागातूनच वाट काढावी लागते. तिथं सकाळी साडेनऊ ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते साडेआठ या वेळात चार किलोमीटर जितका जीव खातात तितका हायवेचे पंधरा खात नाहीत. ऊस तोडणीच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर त्यात भर घालतात.

म्हणून पहिला नियम: ज्या नाक्यातून कामावर जायचं त्याच बाजूला घर बघा. रोज शहर ओलांडायची वेळ येऊ देऊ नका.

दुसरं कारण हद्दीचं. महापालिकेची हद्द १९९२ मध्ये वाढली आणि बाळे, केगाव, शेळगी, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे अशी गावं शहरात आली. क्षेत्र एकदम १७८ चौरस किलोमीटरच्या घरात गेलं. या पट्ट्याला आजही सगळे ‘हद्दवाढ भाग’च म्हणतात. तिथं घरं मोठी, हवा मोकळी, भाडं तुलनेनं कमी. पण पाण्याची लाईन, ड्रेनेज आणि पक्का रस्ता या तिन्ही गोष्टी प्रत्येक कॉलनीत आहेतच असं नाही. दोन शेजारच्या सोसायट्यांतही फरक असतो, त्यामुळे ‘अमुक भाग चांगला’ एवढ्यावर विसंबू नका. गल्ली बघा.

माझं काम अमुक ठिकाणी आहे. कोणता भाग सोयीचा?

चिंचोळी एमआयडीसी, पाकणी किंवा मोहोळकडे काम असेल तर पुणे रोडची बाजू: जुना पुणे नाका, अवंती नगर, अभिमानश्री नगर, बाळे, केगाव. चिंचोळी इथून एका सरळ रस्त्यावर आहे. मोहोळपर्यंत रोज स्वतःच्या गाडीनं जाणार असाल तर वाटेत सावळेश्वरचा टोल आहे, तो महिन्याच्या हिशोबात धरा. विद्यापीठ केगावलाच आहे, सिंहगड कॉलेजही त्याच बाजूला, त्यामुळे तिथल्या प्राध्यापक-कर्मचाऱ्यांनाही हाच पट्टा बरा. जोडीदाराची नोकरी किंवा मुलांची शाळा दक्षिणेला असेल तर सोरेगाव-सैफुलकडून केगाव–हत्तूर बायपासनं चिंचोळी गाठता येते. चारचाकीला तो रस्ता चांगला. रात्रपाळी करून दुचाकीवर परतणाऱ्याला मात्र आम्ही तो सुचवत नाही, कारण तिथं ट्रक भरधाव असतात आणि वस्ती विरळ.

तामलवाडीकडे कारखान्यात असाल तर तुळजापूर नाका किंवा शेळगी. इथं एक गोष्ट आधीच माहीत हवी: कोजागरी पौर्णिमेच्या आसपास लाखो भाविक चालत तुळजापूरला जातात आणि त्या दोन-तीन दिवसांत या रस्त्याची वाहतूक वळवतात. कंपनीची बस असेल तर ती त्या दिवसांत कुठून सुटते, हे विचारून ठेवा.

अक्कलकोट रोड एमआयडीसीसाठी शांती चौक, निलम नगर, अशोक चौक इथली घरं जवळची. थोडा मोकळा भाग हवा असेल तर गुरुनानक चौक, कुमठा नाका. मार्केट यार्ड किंवा हैदराबाद रोडवरच्या गोदामांत काम असेल तर शेळगी चालते, पण डिसेंबर-जानेवारीत कांद्याची आवक वाढली की यार्डासमोरचा रस्ता सकाळी तुंबतो.

एनटीपीसीचा वीज प्रकल्प फताटेवाडी-आहेरवाडीला, होटगीच्याही पुढं आहे. कंपनीच्या वसाहतीत क्वार्टर मिळाली तर प्रश्न मिटला. शहरात राहायचं ठरवलं तर होटगी रोड, आसरा चौक, मजरेवाडी किंवा आसरा पुलापलीकडचं जुळे सोलापूर. सोरेगावच्या राज्य राखीव पोलीस बलाच्या कॅम्पात किंवा विजापूर रोडच्या आयटीआयमध्ये असाल तर सैफुल, विजापूर रोड, जुळे सोलापूर.

रेल्वे, सिव्हिल हॉस्पिटल, झेडपी, महापालिका, बँका: ही कामं मध्यावर. त्यांच्यासाठी रेल्वे लाईन्स, सात रस्ता, मोदी, लष्कर, मुरारजी पेठ. भाडं जास्त आणि घरं जुनी, पण दुपारी जेवायला घरी येता येतं. सोलापुरात अजून बरेच लोक ते करतात.

पाणी खरंच रोज येत नाही?

नाही, आणि घर निवडताना सगळ्यात आधी हेच विचारायचं. शहराला पाणी तीन ठिकाणांहून येतं: उजनीहून थेट पाइपलाइननं, भीमेवरच्या टाकळीच्या योजनेतून आणि हिप्परग्याच्या तलावातून. शंभरहून जास्त किलोमीटरवरून येणारं उजनीचं पाणी म्हणजे वीज गेली, जलवाहिनी फुटली की पाण्याची पाळी एक दिवस पुढं सरकते. उजनीची दुसरी, समांतर जलवाहिनी टाकली असली तरी तुमच्या नळाला किती दिवसांनी पाणी येणार हे शहरातल्या टाक्या आणि वितरणाच्या पाइपांवरही अवलंबून असतं. त्यामुळे ‘आता रोज येणार आहे’ असं एजंट म्हणाला तर मान डोलवा आणि शेजारी विचारा.

विचारायचं ते घरमालकाला नव्हे, समोरच्या घरातल्या काकूंना: “काकू, तुमच्याकडं पाणी किती दिवसांआड येतंय ओ? किती वाजता? किती वेळ?” तिन्ही प्रश्न विचारा. तीन-चार दिवसांआड दोन तास चांगल्या प्रेशरनं येणारं पाणी हे दोन दिवसांआड येणाऱ्या चाळीस मिनिटांच्या करंगळीएवढ्या धारेपेक्षा परवडतं. वेळ महत्त्वाची यासाठी की काही भागांत ती पहाटे तीनची असते, काहींत दुपारी बाराची. दोघं नोकरीला असाल आणि पाण्याची वेळ दुपारची असेल, तर पाणी येऊन जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही.

आता हिशोब. माणशी रोज १३५ लिटर हे शहरांसाठी धरलं जाणारं प्रमाण. चौघांचं घर असेल तर दिवसाला ५४० लिटर. चार दिवसांआड पाणी म्हणजे पाच दिवसांची बेगमी, २,७०० लिटर. अगदी काटकसरीनं, माणशी १०० लिटर धरलं तरी २,०००. गच्चीवर एक हजार लिटरची काळी टाकी दाखवून घरमालक ‘पाण्याचं टेन्शन नाही’ म्हणत असेल, तर ते टेन्शन तिसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतं.

म्हणून जमिनीखालचा हौद हवाच. लांबी, रुंदी, खोली फुटात मोजा, गुणाकार करा आणि २८ ने गुणा, लिटर मिळतात. सहा बाय पाच बाय चार फुटांचा हौद म्हणजे १२० घनफूट, सुमारे ३,४०० लिटर. एका कुटुंबाला पुरेसा. पण तोच हौद खालच्या-वरच्या तीन भाडेकरूंत सामाईक असेल तर नाही. कुणाच्या मोटारीचं बटण कुणाच्या घरात, मोटारीचं बिल कुठल्या मीटरवर, हे आधी ठरवून घ्या. भाडेकरूंची भांडणं सोलापुरात पार्किंगवरून कमी आणि मोटारीवरून जास्त होतात.

हौदाचं झाकण उघडून आत बघा. दोन गोष्टी दिसायला हव्यात: नळाच्या तोंडाला बॉल व्हॉल्व्ह (तो असेल तर तुम्ही घरी नसतानाही हौद भरून आपोआप बंद होतो), आणि सेप्टिक टाकी किंवा ड्रेनेजचं चेंबर हौदापासून लांब. चेंबर हौदाला चिकटून असेल तर ते घर सोडा, भाडं कितीही कमी असो.

नळालाच थेट मोटार लावून पाणी ओढण्याची सवय काही गल्ल्यांत आहे. ते बेकायदा आहे, मोटार जप्त होते, शिवाय गल्लीतल्या शेवटच्या घराला थेंब मिळत नाही. तुम्ही बघताय ते घर शेवटचं असेल तर? लाईन कुठून येते आणि चावीवाला (पाणी सोडणारा माणूस) कोणत्या टोकाला चावी फिरवतो, हे विचारलं की उत्तर कळतं.

बोअर आहे, पाणी २४ तास, असं सांगतात. मग प्रश्न मिटला ना?

अर्धा. बोअरचं पाणी सोलापुरात बहुधा जड असतं. नळाच्या तोट्यांवर आणि बाथरूमच्या टाइल्सवर पांढरा थर दिसतो का बघा, साबण हातावर फेसाळतो का बघा. गिझरची कॉइल अशा पाण्यात लवकर जाते, डाळ शिजायला वेळ लागतो. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो घेऊनच घरं बघायला निघा. पिण्याच्या पाण्यासाठी ५०० पर्यंतचा आकडा चांगला मानतात, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० ही मान्य मर्यादा. नळाचं पाणी ५०० च्या आत असेल तर आरओची गरज नाही, साधा यूव्ही फिल्टर पुरतो. आरओ एक लिटर शुद्ध करायला दोन-तीन लिटर वाया घालवतो. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात ती चैन झाली. लावलाच तर सांडपाण्याची नळी बादलीत सोडा, फरशी पुसायला होतं.

आणि बोअर मे महिन्यात चालते का, हा प्रश्न वेगळा विचारा. ‘२४ तास’ म्हणणारे बहुतेक पावसाळ्यानंतरचं सांगत असतात. पाणी आटलं तर टँकर मागवावा लागतो. दहा हजार लिटरचा टँकर गल्लीत वळतो का, आणि तो रिकामा करायला तेवढा हौद आहे का, हेही पाहून घ्या.

घर बघायला कधी जावं?

एकदा त्या गल्लीत पाणी येण्याच्या वेळी, एकदा रात्री नऊनंतर, आणि एकदा कामाच्या दिवशी सकाळी, म्हणजे तुम्ही निघणार त्या वेळी. रविवारी दुपारी सोलापुरातला कुठलाही भाग छान आणि शांत वाटतो. पावसाळ्यात आलात तर उत्तमच: काळ्या मातीच्या पट्ट्यात, विशेषतः नव्या प्लॉटिंगमध्ये, शेवटचे दोनशे मीटर चिखल असतो आणि दुचाकी घराबाहेरच लावावी लागते.

सगळे जुळे सोलापूर सुचवतात. घ्यावं का?

सुचवतात ते उगाच नाही. रस्ते तुलनेनं रुंद, शाळा-दवाखाने-दुकानं हाताशी, सोसायट्या नव्या, नोकरदार कुटुंबांची वस्ती. बदलीवर आलेल्या माणसाला शेजार पटकन मिळतो. कंबर तलाव आणि सैफुलचा बाजार जवळ.

उणं काय ते ऐका. हा भाग रेल्वेमार्गाच्या पलीकडे आहे, त्यामुळे होटगी रोडकडे यायचं तर आसरा पूल. पूल अरुंद आहे आणि गर्दीच्या वेळी पुलाच्या दोन्ही तोंडांशी गाड्या अडकतात. पुणे रोडला किंवा अक्कलकोट रोडला नोकरी असेल तर केवळ नाव ऐकून इथं घर घेऊ नका. रोज शहर ओलांडाल. दुसरं, काळ्या मातीवर नीट पाया न घेतलेल्या घरांना दरवाजा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा जातात, उन्हाळ्यात रुंदावतात, पावसाळ्यात मिटतात. भाडेकरूला त्यानं धोका क्वचितच, पण अशा भिंतीत ओल येते आणि दारं फुगून अडकतात. नवा रंग फक्त कोपऱ्यांवरच दिलेला दिसला तर कारण विचारा.

जुळे सोलापूर म्हणजे एकच भाग नव्हे. मुख्य रस्त्यालगतच्या जुन्या कॉलन्या आणि टोकाकडचं नवं प्लॉटिंग यांत पाणी-ड्रेनेजचा मोठा फरक पडतो.

जुन्या पेठांत राहणं कसं?

चारचाकी असेल तर विसरा. नसेल तर विचार करण्यासारखं आहे: नवी पेठ, बाळीवेस, टिळक चौक, मंगळवार पेठ या भागात सगळं पायी मिळतं, जुन्या वस्तीत पाण्याची व्यवस्था आणि ड्रेनेज तुलनेनं बसलेलं असतं आणि रात्री दहा वाजताही रस्त्यावर माणूस असतो. घरं अरुंद, जिने चढे, वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर अवघड.

सणांचा हिशोब मात्र आधी करा. जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वरांची यात्रा भरते. सात नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावर त्या दिवसांत वाहनं बंद आणि होम मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रेचा बाजार, अनेक दिवस चालतो. नोकरदाराला त्रास दोन-तीन दिवसांचाच, आणि यात्रेतला अक्षता सोहळा (प्रतीकात्मक विवाह) घराच्या गच्चीवरून दिसत असेल तर पाहुण्यांची रीघ लागते, तो भाग वेगळा. त्यापेक्षा जास्त जाणवतो तो वर्षभरातल्या जयंत्या आणि गणपतीच्या मिरवणुकांचा डीजे. घर मिरवणुकीच्या मार्गावर असेल आणि घरात तान्हं बाळ किंवा हृदयाचा रुग्ण असेल, तर एक गल्ली आत सरका. मार्ग कोणता, हे पानवाल्याला विचारलं तरी सांगतो.

पूर्व भागात घर स्वस्त दिसतं. काही खोट?

खोट नाही, फरक आहे. अशोक चौक, साखर पेठ, कन्ना चौक, दत्त नगर, निलम नगर हा चादरी-टॉवेलांचा, यंत्रमागांचा आणि विडी कामगारांचा इलाका. घरांत तेलुगू जास्त, पण मराठी सगळ्यांना येते. किराणा, भाजी, शिवणकाम, दुरुस्ती सगळं शहराच्या दक्षिणेपेक्षा स्वस्त.

बघायचं ते एवढंच: शेजारी किंवा खालच्या मजल्यावर माग आहेत का. मागांची खडखड सवयीनं कानाआड होते असं तिथले लोक सांगतात, नव्या माणसाला पहिले महिने झोप लागत नाही. आवाजापेक्षा कंपन वाईट. जेवणाच्या टेबलावर पाण्याचा पेला ठेवा आणि पाण्यावर वलयं उठतात का बघा. उठत असतील तर त्या भिंतीला पलंग लावता येणार नाही. कापसाची तूसही येते, दमा असेल तर नकोच. माग बंद असताना घर दाखवलं तर हे काहीच कळत नाही, म्हणून चालू असतानाच जा.

उन्हाळा किती कडक? वरचा मजला घ्यावा का?

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, कधी त्याहूनही पुढं. वर उघडा स्लॅब असलेला मजला दिवसभर तापतो आणि रात्री दोनपर्यंत ती उष्णता घरात सोडत राहतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी आंघोळीला अंगावर घेववत नाही. वरचा मजला घ्यायचाच असेल तर स्लॅबवर पत्र्याची शेड आहे का, किंवा चुन्याचा अथवा पांढऱ्या रंगाचा थर मालक देईल का, ते बोलून घ्या. बेडरूमची भिंत पश्चिमेला नको. तीन मजली इमारतीतला मधला मजला, पूर्व-उत्तर खिडक्या, हे सोलापुरातलं सगळ्यात सुखाचं घर.

हवा कोरडी असल्यानं कूलर इथं चांगला चालतो, पण मोठा डेझर्ट कूलर रात्रभरात पन्नास-साठ लिटर पाणी सहज पितो. आधी सांगितलेला पाण्याचा हिशोब मेमध्ये त्यानुसार वाढवा. एसी लावणार असाल तर त्या खोलीत १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट मीटरपासून वेगळ्या वायरनं आलेला आहे का पाहा. जुन्या घरांत एकाच वायरवर गिझर, मिक्सर आणि एसी टाकलेले असतात आणि मेच्या पहिल्याच आठवड्यात काळं पडलेलं सॉकेट सापडतं. वीज सबमीटरवर असेल तर युनिटला किती रुपये घेणार, हे करारात लिहा.

मराठी सोडून दुसरी भाषा यायला हवी का?

नाही. तेलुगू, कन्नड, उर्दू सगळीकडे कानावर पडतील, पण काम मराठीत होतं.

बस-रिक्षाच्या भरवशावर राहता येईल का?

मुख्य रस्त्यालगत राहिलात तर हो. शहर बस आहे, पण फेऱ्या कमी. रोजच्या वेळेवर कामाला जायचं तर ती धरून चालू नका. शेअर रिक्षा मोठ्या रस्त्यांवर मिळतात: सात रस्ता, आसरा, विजापूर रोड, जुना पुणे नाका, अशोक चौक. आतल्या कॉलनीत रात्री दहानंतर रिक्षा शोधावी लागते आणि परतीचं भाडं मिळत नाही म्हणून जास्त मागतात. दुचाकी नसेल तर घर मुख्य रस्त्यापासून पाच-सात मिनिटांच्या चालण्यात घ्या.

कुटुंब पुण्यात आहे, दर शनिवारी जायचं असतं.

मग स्टेशनच्या बाजूला राहा: रेल्वे लाईन्स, मुरारजी पेठ, दमाणी नगर, लक्ष्मी पेठ. हुतात्मा एक्स्प्रेस आणि मुंबईची वंदे भारत दोन्ही भल्या सकाळी सुटतात आणि परत रात्री येतात. जुळे सोलापूरच्या टोकाहून पहाटे पाचला रिक्षा मिळवण्यापेक्षा पायी स्टेशन गाठणं बरं. दमाणी नगर-भैय्या चौक बाजूला घर घेताना रेल्वे पुलाच्या कामामुळे सध्या वाहतूक कशी वळवली आहे, ते मात्र प्रत्यक्ष जाऊन पाहा.

विमानतळ होटगी रोडला आहे. २०२५ च्या जूनपासून तिथून प्रवासी विमानं सुटू लागली. आठवड्याचं वेळापत्रक बदलत असतं, त्यामुळे त्यासाठी म्हणून घराचा भाग ठरवू नका.

एकट्या मुलीला किंवा बॅचलरना घर देतात का?

देतात, पण सगळीकडे नाही. सोसायट्यांपेक्षा स्वतंत्र घराच्या वरच्या मजल्यावर, जिथं खाली घरमालक काका-काकू राहतात, तिथं लवकर मिळतं. रात्रपाळी असेल तर ती आधीच सांगा. रात्री अकराला गेटला कुलूप लावणारी घरं बरीच आहेत, किल्ली मिळणार की नाही हे पहिल्या भेटीतच स्पष्ट करा. सिव्हिल हॉस्पिटलचे डॉक्टर-नर्स, वालचंद कॉलेजचे विद्यार्थी आणि केगावची विद्यापीठाची मुलं-मुली यांच्यामुळे गुरुनानक चौक, अशोक चौक आणि केगाव-बाळे या भागांत खोल्या आणि मेसची सोय तयार आहे. मुलींनी जागा बघताना जिना आणि गल्लीतला दिवा रात्री बघावा. घर चांगलं असतं, आणि मुख्य रस्त्यापासूनचे शेवटचे तीनशे मीटर अंधारात असतात.

मुलांच्या शाळेसाठी काय बघावं?

आधी शाळा, मग घर. उलट केलं की मूल व्हॅनमध्ये तासभर फिरतं. प्रवेश फेब्रुवारी-मार्चमध्येच संपत आलेले असतात. जूनमध्ये बदलीची ऑर्डर हातात पडली तर मिळेल त्या शाळेत घालावं लागतं. त्या वर्षापुरतं घर शाळेजवळ घ्या आणि स्वतः लांब जा. शाळेची व्हॅन सकाळी कोणत्या चौकातून कोणत्या चौकात जाते, हे व्हॅनवाल्याकडून घ्या, शाळेच्या ऑफिसकडून नव्हे.

करार कसा करायचा?

अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, आणि तो नोंदवलेला. महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद पुरत नाही. खर्च लोकांना वाटतो तितका नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात अनामतीवर वर्षाला १० टक्के धरून येणारी रक्कम मिळवायची. भाडं ९,००० आणि अनामत ३०,००० असेल तर: ९९,००० अधिक २,७५०, म्हणजे १,०१,७५० वर अडीचशेच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. वर एजंट किंवा घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची फी. दोघांनी निम्मी-निम्मी भरायची पद्धत आहे.

करारात या चार गोष्टी शब्दांत हव्यात: हौद आणि टाकी किती लिटरची व कुणाकुणात सामाईक, टँकर लागला तर खर्च कुणाचा, मोटार जळली तर दुरुस्ती कुणाची, आणि बदली झाली तर किती दिवसांच्या नोटिशीवर अनामत परत. शेवटची अट बदलीवाल्यांसाठी सोन्यासारखी. एक महिना बरा, आणि लॉक-इन (ठरावीक काळ घर सोडता येणार नाही अशी अट) नकोच. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवली जाते की नाही तेही पाहा. मालक टाळत असेल तर कारण शोधा.

भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा सरळ फ्लॅट किंवा प्लॉट घेऊ का?

एक उन्हाळा काढून मग ठरवा. हद्दवाढ भागात गुंठेवारीचे प्लॉट पुष्कळ आहेत: शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे, सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं, मंजूर लेआउट नाही. दर आकर्षक असतो, पण बँक कर्ज देत नाही, बांधकाम परवाना अडतो आणि रस्ता कागदावर नसल्यानं समोरचा माणूस उद्या कुंपण घालतो. बिगरशेती (एनए) वापराचा कागद, मंजूर लेआउट आणि चालू सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, तिन्ही असल्याशिवाय इसार देऊ नका. फ्लॅटला वापर परवाना (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मागा. ‘लवकरच येतोय’ म्हणजे नाही.

होटगी रोड, मजरेवाडी, नई जिंदगी, कुमठे या बाजूंना विमानतळामुळे इमारतीच्या उंचीवर बंधनं लागू शकतात. वर मजला चढवायच्या बेतानं घर घेत असाल तर उंचीचा दाखला आधी पाहा.

सामान कधी आणावं?

ट्रकवाल्याला सांगा की शहरात ठरावीक वेळांत जड वाहनांना बंदी असते. पहाटे पोचेल असं बघा किंवा नाक्यावर छोटा टेम्पो करा. आणि तारीख ठरवण्याआधी शेजारी फोन करून पाण्याचा दिवस विचारा. पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी राहायला या, हौद भरलेला ठेवायला मालकाला सांगा. घर धुणं, भांडी, कपडे, सहाशे-सातशे लिटर पहिल्याच दिवशी जातात.